हळदीच्या हातांचा पेपर

हळदीचा वास लोकांना शुभ वाटतो. लग्नघराची आठवण येते म्हणतात. वसमतला माझ्या घरामागच्या शेतात हळद शिजवायला लागले, की मी मात्र खिडक्या लावून घेते. शेजारची सून एकदा म्हणाली, "बाई, येवढा चांगला वास येऊन राहिला, अन् तुमी खिडक्या काहून लावून राहिल्या?" मी डोकं दुखतं म्हणून सांगितलं. खरं सांगायला बसले असते तर तिचा चहा गार झाला असता. मला त्या वासानं इंग्रजीचा पेपर आठवतो. माझा नव्हे, माझ्या थोरल्या बहिणीचा.

आता हळद वाफेवर शिजते. ट्रॅक्टरमागून लोखंडी टाक्या येतात, वाफ सुटते, आणि तासाभरात ढीग बाहेर पडतो. आमच्या लहानपणी कुरुंद्याच्या शिवारात मोठाल्या कढया चुलवणावर चढायच्या. वर हळदीचाच पाला झाकलेला, खाली पऱ्हाट्यांचा जाळ. पाल्याच्या फटींतून जी वाफ यायची तिला मातीचा, धुराचा आणि काहीतरी कडवट असा वास असायचा. तो केसांत बसायचा, भाकरीत उतरायचा, पुस्तकाच्या पानांत राहायचा. ताईचं इंग्रजी व्याकरणाचं पुस्तक पावसाळ्यातसुद्धा उघडलं तरी शिमग्यातल्या कढईचा वास यायचा.

हे सगळं बहात्तरचा दुष्काळ ओसरल्यानंतरचं. विहिरींना पुन्हा पाणी आलं होतं आणि ज्याच्या विहिरीत पाणी त्याच्या रानात हळद. रान आमचं नव्हतं. बाबा कढईवर जाळ घालायचे आणि माय, ताई, मी ओल्या गड्ड्यांपासून हळकुंडं मोडून वेगळी करायचो. कच्ची हळद मोडली की बोटांना तिचं दूध लागतं. पहिल्या दिवशी हात पिवळे, चौथ्या दिवशी नारिंगी, आणि पंधरवड्यानं नखांच्या कडा अशा होतात की त्या मुळातच तशा होत्या असं वाटावं. आम्ही बौद्ध. आजोबांनी देव्हाऱ्यातले देव ओढ्यात सोडून दिल्याला बरीच वर्षं झाली होती. हळद-कुंकू वाहायला घरात देवच नव्हता. आमच्याकडे हळद असायची ती कालवणापुरती, आणि मजुरीची. हे मुद्दाम सांगते आहे. पुढे लागेल.

त्या वर्षी ताई मॅट्रिकला होती. जुन्या अकरावीची मॅट्रिक. आमच्या वस्तीतली तिथपर्यंत पोचलेली ती पहिली पोरगी, आणि तिच्या वाटेत उभं होतं इंग्रजी. गणितात ती हुशार होती, बाकीचं पाठ करून निघत होतं. पण इंग्रजीला पोरं अशी गळायची की जणू तो विषय शिकवायला नव्हे, गाळायलाच ठेवला होता. मी पुढे तीस वर्षं तोच विषय शिकवला, तेव्हा हे अधिकारानं बोलते.

शिकवणारे सर बाहेरगावचे होते. मी खालच्या वर्गात होते, पण इंग्रजीला आमचे वर्ग एकत्र बसायचे. स्वच्छ धोतर, स्वच्छ उच्चार. ते काळ शिकवायचे म्हणजे म्हणून घ्यायचे. गो, वेंट, गॉन. ईट, एट, ईटन. सगळा वर्ग डोलत डोलत म्हणायचा आणि अर्थ कुणालाच नसायचा. बारा काळांचा तक्ता भिंतीवर टांगलेला होता आणि सरांच्या मते तो भिंतीवर असणं म्हणजे आम्हाला येणं. कुणी विचारलं की 'आय वेंट' आणि 'आय हॅव गॉन' यांत फरक काय, तर ते तक्त्याकडे छडी दाखवायचे. एकदा ताईनं उभं राहून सांगितलं, "सर, आमी हळद मोडून राहिलो व्हतो म्हणून अभ्यास झाला न्हाई." सर हसले. मग त्यांनी वर्गाला ते वाक्य नाकातून म्हणून दाखवलं. "मोडून राहिलो! आधी मराठी शिका, मग इंग्रजीच्या वाटेला जा." वर्ग हसला. हसणाऱ्यांतली निम्मी पोरं घरी तेच बोलत होती. तो हशा मला अजून ऐकू येतो आणि अजून राग येतो, आणि राग सरांपेक्षा त्या पोरांचा जास्त येतो.

ताई मात्र घरी येताना विचारात होती. रडेल असं वाटलं होतं. बांधावरून चालता चालता म्हणाली, "कमळे, सर 'करत आहे' म्हण म्हणतात. पन आपलं 'करून राहिलो' हाय ना, तेच त्यांचं 'अ‍ॅम डुइंग' हाय. बराबर तेच. आपल्याला अर्दं इंग्रजी आदीच येतं." हे तिनं सरांना कधी सांगितलं नाही. सांगून पुन्हा नाकातून ऐकायची हौस तिला नव्हती.

तिथून तिला ते कोडं सुटत गेलं. खरं इंग्रजी मी हळदीच्या ढिगाशी बसून शिकले, आणि मला शिकवणारी स्वतः पहिल्यांदाच शिकत होती. दुपारी कढई उतरली की बाबा फावड्यानं हळद पसरायचे, तिच्यातून वाफ निघत असायची. ताई हळकुंडाकडे बोट करून म्हणायची, "हे बघ. नुसतं 'शिजली' म्हटलं म्हंजे कालची गोष्ट. झाली, संपली. अन् 'शिजलेली हाय' म्हंजे शिजली कवाच, पन हात लाव, चटका आता बी बसतो. ते त्यांचं 'हॅज'." मी हात लावला आणि भाजलं. माय ओरडली, आम्ही हसलो. त्या एका चटक्यात मला जे कळलं ते पुढे बी.एड.च्या वर्गातसुद्धा कुणी इतकं नीट सांगितलं नाही. 'हॅड' तिनं मुकादमावरून सांगितला. मुकादम यायच्या आधी आपण उठून गेलो होतो. म्हणजे दोन्ही गोष्टी झालेल्या, पण एक अगोदरची. माय म्हणाली, "मुकादमाचं नाव काढू नको, कान लांब हायेत त्याचे."

जर-तरची वाक्यं सरांनी शेवटच्या महिन्यात उरकली. पुस्तकातलं वाक्य होतं, पाऊस पडला असता तर पिकं वाचली असती. त्या वर्गात अशी पोरं होती ज्यांनी दोन वर्षांपूर्वी आईबापाबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडली होती, सरकारी सुकडीसाठी रांगेत उभी राहिली होती. सरांनी ते वाक्य फळ्यावर लिहिलं, त्याच्या क्रियापदांखाली रेघा ओढल्या आणि फळा पुसला. ताईनं त्या दिवशी हळद मोडता मोडता तोच विषय काढला. म्हणाली की त्या इंग्रज लोकांनी जर-तरची तीन दारं केली आहेत. एक उघडं, ढकललं की झालं. दुसरं चित्रातलं, तिथं जाता येत नाही पण बघायला कुणी मना करत नाही. तिसरं बंद झालेलं. "अन् गंमत बघ, सगळ्यात लांबलचक वाक्य त्या बंद दाराचंच हाय. 'वुड हॅव बीन' काय, 'कुड हॅव गॉन' काय. ज्याचा उपेग न्हाई त्यालाच येवढे शब्द." ती सोळा-सतरा वर्षांची होती आणि हसत होती. मला आज ते हसणं आठवलं की माझ्याच पेशाची शिसारी येते.

बाबांचंही एक जर-तर होतं. ते सरळ होतं, पहिल्या दारातलं. कनेरगाव नाक्याचं एक स्थळ ताईला सांगून आलं होतं. मुलगा धाब्यावर होता, घर बरं होतं, आणि त्यांना पाऊस लागायच्या आत लग्न हवं होतं. बाबांनी ताईला समोर बसवून सांगितलं, "इंग्रजीत निघालीस तर नांदेडला नर्सिंगला घालतो, कोनी काई बी म्हणो. न्हाई निघालीस तर कनेरगावला हो म्हणतो. मग तकरार करायची न्हाई." ताई म्हणाली, "व्हय बाबा." बाबा शब्दाचे पक्के होते. माणसानं शब्दाचं पक्कं असावं असं आपण लेकरांना शिकवतो. मी नाही शिकवलं.

परीक्षा आणि हळद एकाच महिन्यात येतात, हे कुणाच्या लक्षात आलं नसेल असं नाही. पण ज्यांच्या लक्षात यायला हवं त्यांच्या घरी हळद दळून येते. ताईला घरी ठेवायची मायची फार इच्छा होती, पण तिच्या हातांशिवाय ढीग उरकत नव्हता. म्हणून ती पुस्तक गोणपाटावर उघडं ठेवायची, पानावर दगड, आणि मोडता मोडता वाचायची. पान उलटायची वेळ आली की मला हाक मारायची. माझे हात तरी कुठं वेगळे होते? त्या पुस्तकाच्या प्रत्येक पानाच्या कोपऱ्याला माझा पिवळा अंगठा होता.

पेपराच्या आदल्या दिवशी सरांनी मुलींना बजावलं, "हात स्वच्छ धुऊन या. पेपरला डाग पडला तर याद राखा." ताईनं राखेनं हात घासले, चिंचेनं घासले. पिवळेपणा फिका झाला पण गेला नाही. सकाळच्या एस.टी.नं आम्ही तिघी वसमतला गेलो. स्टँडवरच्या नळावर एक बाई लुगडी धूत होती. ताईनं तिच्याकडून धुण्याच्या साबणाचा तुकडा मागून घेतला आणि घाईघाईनं कोपरापर्यंत चोळला. मायनं बघितलं तेव्हा उशीर झाला होता. हळदीला साबण लागला की ती लाल होते, हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरीलाही ठाऊक असतं. लिंबू पिळलं की परत पिवळी. ताईलाही ते ठाऊक होतं. पण डोक्यात सरांचा शब्द होता, आणि केंद्रावर घंटा होत आली होती. लिंबू शोधायला माय बाजाराकडे निघाली, ताईनं तिला थांबवलं. "राहू दे माय. लिवायला लागले की वाळतील." ती नेसत्या पदराला हात पुसत आत गेली.

आत जे झालं ते तिनं परतीच्या गाडीत सांगितलं, खिडकीबाहेर बघत, तुकड्यातुकड्यानं. उन्हाळा होता, पत्र्याचा वर्ग होता, हाताला घाम सुटला. पहिलं पान लिहून होईतो कागदाच्या कडेला तिच्या डाव्या हाताची बोटं उठली होती. काही पिवळी, काही लाल.

आता ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. त्या काळी बरीच पोरं उत्तरपत्रिकेच्या कोपऱ्याला हळद-कुंकवाचं बोट लावायची. घरून पुडी बांधून द्यायचे. देव पावावा म्हणून. आणि नियम असा होता की उत्तरपत्रिकेवर कसलीही खूण नको, तपासणाऱ्याला ओळख पटेल असं काही नको. वर्गावरचे मास्तर तालुक्याच्या गावातले, नेहमी अशा पुड्या जप्त करणारे. त्यांना ताईच्या कागदावर काय दिसलं हे सांगायला नको. हळद दिसली, कुंकूही दिसलं.

"देवाला वाहिलाय का पेपर?" त्यांनी विचारलं.

"न्हाई सर. आमी देव करत न्हाई."

हे उत्तर खरं होतं, आणि याहून वाईट उत्तर तिला देता आलं नसतं. मास्तरांना वाटलं पोरगी उलटून बोलते. त्यांनी हात दाखवायला सांगितले. तिनं दोन्ही तळवे पुढे केले. लालभडक. "हे काय, लग्नाला आलीस का पेपरला?" वर्ग हसला. दुसरा वर्ग, तोच हशा. कागद उचलून ते केंद्रप्रमुखांकडे गेले. ताई रिकाम्या बाकावर बसून राहिली. अर्ध्या तासानं कागद परत आला तेव्हा त्याच्यावर लाल शाईनं शेरा होता. उरलेला पेपर तिनं डावा हात पदरात गुंडाळून लिहिला, पदरानं कागद दाबून. जर-तरचे प्रश्न तिनं सगळे सोडवले. निबंध मात्र राहिला. एवढं सांगून ती म्हणाली, "सोपा व्हता पेपर."

निकाल लागला तेव्हा तिचा नंबर वर्तमानपत्रात नव्हता. बाबा शाळेत गेले. मी बरोबर होते. मोठ्या सरांनी सांगितलं, निकाल राखून ठेवलाय, चौकशी होईल, कधी ते सांगता येत नाही. बाबा तिथून इंग्रजीच्या सरांकडे गेले. हात जोडून म्हणाले, "सर, तुमी नुसतं येवढं कळवा, की आमच्या गावच्या समद्या पोरींचे हात या महिन्यात असेच असतात. तुमी रोज बघता." सर झोपाळ्यावर बसले होते. त्यांनी बाबांना खोटं पाडलं नाही, हाकललंही नाही. ते फक्त म्हणाले, "मी हात धुऊन यायला सांगितलं होतं की नाही?" बाबा म्हणाले, "व्हय, सांगितलं व्हतं." आणि आम्ही घरी आलो. बाबांना दुसरं काही उत्तर सुचलं नाही याचा मला आजही त्रास होतो. मला तरी कुठं सुचलं? उत्तर सुचेपर्यंत माझे केस पांढरे झाले. धुतले म्हणूनच लाल झाले, सर. धुतले म्हणूनच.

कनेरगाववाले थांबायला तयार नव्हते. बाबांनी शब्द पाळला. निकाल लागला तर, असं ते म्हणाले नव्हते. निघालीस तर, असं म्हणाले होते, आणि ती निघाली नव्हती. लग्नाच्या आदल्या दिवशी वस्तीतल्या बायका ताटलीत हळद घेऊन आल्या. देव गेले तरी नवरीची हळद आमच्याकडे राहिली होती. ताईनं हात मागे बांधले. "हळद नको." माय म्हणाली, "जराशीक लावू दे बाई, लोक काय म्हणतील." ताईनं मान हलवली. आवाज चढवला नाही, रडली नाही. बायका थोडा वेळ ताटली घेऊन उभ्या राहिल्या, मग एकमेकींनाच लावून निघून गेल्या. आयुष्यात ताईनं केलेली तक्रार एवढीच. बाबांना तक्रार करणार नाही म्हणाली होती, आणि ती तरी तिनं बायकांकडे केली.

दसऱ्याच्या सुमाराला शाळेचा शिपाई घरी आला. चौकशी संपली होती. कुणीतरी कुठंतरी बसून ठरवलं होतं की डाग म्हणजे खूण नव्हे. ताई पास होती. इंग्रजीतसुद्धा.

मी आणि बाबा कनेरगावला गेलो. ती परातीत पीठ मळत होती. बाबांना सांगवेना, मीच सांगितलं. तिचा हात थांबला. "निबंध राहिला तरी?" तिनं विचारलं. मी हो म्हणाले. "मंग जर-तरचं बराबर आलं असंल," ती म्हणाली आणि पुन्हा पीठ मळायला लागली. बाबा अंगणात जाऊन उभे राहिले. त्यांनी चहाही घेतला नाही.

मग माझी पाळी आली. बाबांनी मला कसलीही अट घातली नाही. अट घालायचं बळ त्यांच्यात राहिलं नव्हतं. ताईनं शिकवलेल्या इंग्रजीवर मी निघाले, नोकरीला लागले, आखाडा बाळापूरच्या शाळेत फळ्यासमोर उभी राहिले. दर वर्षी हिवाळा सरता सरता तिसऱ्या दाराची वाक्यं शिकवली. पुस्तकातली उदाहरणं घेतली, आगगाडी चुकल्याची, डॉक्टर वेळेवर न आल्याची. ताईचं उदाहरण फळ्यावर कधी लिहिलं नाही. माणसं सहज म्हणतात, जर-तरला काही अर्थ नसतो. असं म्हणणाऱ्यांची सगळी दारं उघडी असतात, हे मी पाहून ठेवलं आहे. परीक्षेच्या वर्गावर असले की मी पोरांच्या कागदांकडे नंतर आणि हातांकडे आधी बघायची. पुड्या दिसायच्या, डाग दिसायचे. एकदाही शेरा मारला नाही. त्यानं ताईचं काय भलं झालं, असं विचाराल तर काही नाही.

गेल्या मार्चमध्ये तिची नात दहावीला होती. प्रज्ञा. मला मोबाईलवर विचारायची, "धाकट्या आजी, वुड हॅव कवा घ्यायचं?" मी म्हणायचे, तुझ्या आजीला विचार. ती हसायची; आजीला इंग्रजी येतं हे तिला खरंच वाटायचं नाही. इंग्रजीच्या पेपरला मी कनेरगावला गेले. ताईच्या घरी कुणाचीही परीक्षा असली की महिनाभर स्वयंपाकात हळद नसते. वरण पांढरं, भाजी पांढरी. सुना कुरकुरतात, पण तिच्यापुढे बोलत नाहीत. जावई एकदा म्हणाले की कुणी आजारी आहे का.

पोरगी निघाली तेव्हा ताईनं तिला उंबऱ्यावर थांबवलं. "हात दाव." पोरीनं सवयीनं दोन्ही हात पुढे केले. ताईनं ते उलटे केले, सुलटे केले, नखं पाहिली. स्वच्छ गोरटे हात, मधल्या बोटाला पेनचा घट्टा. "रोज काय बघून राहते आजी?" "काई न्हाई. जाय."

पोरीला नेणारी गाडी वळली तसं ताई उंबऱ्यावरच बसली. रस्त्यावरून वाशिमकडे ट्रक जात होते. मी तिच्याजवळ बसले. ती म्हणाली, "कमळे, त्या दिवशी वर्गावर तू असतीस तर काय केलं असतंस?"

पन्नास वर्षांत तिनं हे पहिल्यांदा विचारलं. मी म्हणाले, "कागद उचललाच नसता."

"म्हंजे अर्दा घंटा वाचला असता."

"व्हय."

मला वाटलं आता नांदेड येईल, नर्सिंग येईल, बाबा येतील.

"मंग निबंध पुरा झाला असता," ती म्हणाली, आणि वरणाला फोडणी द्यायला उठली.